मुंग्या आल्या म्हणजे पॉवर आली!

जिम लावून महिना झाला आणि तिसऱ्या सेटलाच हात थरथरतात? मग झोप, जेवण असल्या मागासलेल्या गोष्टी सोडा, सरळ ट्रेनरला गाठा. वर्कआउटआधी प्यायच्या पावडरचा डबा त्याच्या कपाटात तयारच असतो.

मागचं लेबल वाचू नका. वाचणारे बारीकच राहतात.

आता मेन गोष्ट, मुंग्या. परवा वर्कआउटच्या वीस मिनिटं आधी त्या पावडरचं निळं पाणी ढोसलं आणि स्क्वॉटला बारखाली जातोय तोवर कान, मान, गाल, सगळीकडे मुंग्याच मुंग्या, खाजवून खाजवून कान लाल, मला वाटलं ॲलर्जी, आता थेट ॲडमिट, आणि हा पठ्ठ्या लांबून ओरडतोय, "लागतंय सर, लागतंय, मसल पेटलेत!" तर तुम्हीही तसंच समजा. त्या मुंग्या पावडरीतल्या बीटा-ॲलानिन नावाच्या अमिनो ॲसिडच्या, कातडीतल्या नसा चाळवल्याने येतात, पॉवरशी काडीचा संबंध नाही, हे घरी येऊन वाचायचा गाढवपणा मी केला. त्यापासून स्नायूत कार्नोसिन बनतं, ते जोर लावताना साठणारं ॲसिड आवरतं, म्हणून दम जरा उशिरा जातो. खरंय हे. पण रांजण काय एका तांब्यात भरतो? रोज 4 ते 6 ग्रॅम, सलग 2 ते 4 आठवडे, सुट्टीच्या दिवशीपण, आणि फायदा कुणाला, तर मुख्यतः 1 ते 4 मिनिटं जीव तोडून करणाऱ्याला. मी ट्रेडमिलवर चाळीस मिनिटं रील्स बघत चालतो!

सोबत बीसीएए घ्याच. म्हणजे तीन अमिनो ॲसिडं: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. दुधात, अंड्यात तेच असतं, पण त्याला कलिंगडाचा फ्लेवर नाही ना.

'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहिलेला डबा बेस्ट. कशात किती ते कळतच नाही, मग कमी पडल्याचं दुःखपण नाही.

माझ्या डब्यावर मात्र छापलं होतं. चमच्याला 1.6 ग्रॅम बीटा-ॲलानिन, एकूण 30 चमचे. म्हणजे रोज तीन चमचे घेतले तर डबा दहा दिवसांत खलास, असर सुरू व्हायच्या आधीच! 2,800 रुपये! अरे, कमिशनच पाहिजे होतं तर सरळ मागायचं, वर "सर तुमची रिकव्हरी वीक आहे" कशाला? आणि आपणपण कमाल, रात्री दोनला झोपायचं, सकाळी सहाला चहा-खारीवर जिमला पळायचं आणि दम लागला की पावडर शोधायची. स्नायू नाही थकलेत हो, झोप झाली नाहीये, पोटात काही नाहीये, एवढं साधं कळत नाही?

काल परत विचारत होता, "सर, डबा संपत आला असेल ना?"