अटॅक दहा मिनिटांचा, मग अंग दोन दिवस का दुखतं?

नमस्कार,

पॅनिक अटॅकनंतरच्या अंगदुखीवर मी जे लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका, दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो, ईसीजी नॉर्मल येतो, मग दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय म्हणून माणसाला पडून राहायला सांगणं म्हणजे नसत्या दुखण्याचा बाऊ. 'माझ्या भावाला मी सरळ कामाला लावतो,' असंही तुम्ही लिहिलंय. यातला एक मुद्दा मला पटलाय, त्याकडे येतेच. पण 'नसतं दुखणं' हा शब्द मात्र मनाला लागला.

भीतीने अंगात उसळलेलं ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात फार टिकत नाही, काही मिनिटांत निम्म्यावर येतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक उतरायला त्याहून बराच जास्त वेळ घेतं. पण तोवर स्नायूंनी काम करून टाकलेलं असतं. जबडा, मान, खांदे घट्ट आवळलेले असतात. फासळ्यांमधले स्नायू धापा टाकून दमलेले असतात. सवय नसताना एखादा डोंगर चढून आला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटऱ्या भरून येतात. त्याला आपण 'मनाचे खेळ' म्हणत नाही. इथे फरक एवढाच, की डोंगर कुणाला दिसलेला नसतो.

श्वासाचंही तसंच. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्ताची आम्लता कमी होते, आणि त्यामुळे रक्तात मोकळं असलेलं कॅल्शियमही थोडं उतरतं. नसा चाळवतात. ओठांना, बोटांना मुंग्या येतात. मला एकदा पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. अंगठा तळहातात वळलेला, बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटलेली. बाटली गुडघ्यांत दाबून धरली तरी झाकण फिरेना. श्वास हळू झाल्यावर हात सुटला. दुसऱ्या दिवशी पहिला घास चावताना कानापुढे अशी कळ आली की दाताचंच दुखणं वाटलं. दातांच्या डॉक्टरांनी जबड्याचा स्नायू दाबून पाहिला आणि विचारलं, 'झोपेत दात खाता का?' दात मी खाल्ले होते, पण जागेपणी, आदल्या संध्याकाळी.

आणि हे आजकालचं फॅडही नाही. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, छातीतलं दुखणं आणि थकवा यांबद्दल डॉ. जेकब दा कोस्टा यांनी 1871 मध्येच सविस्तर लिहिलं होतं. ती माणसं काही आरामात लोळून आजारी पडली नव्हती.

हे सगळं मी एवढं खोलात जाऊन लिहिते, कारण दुखणं कशाचं आहे हे कळलं नाही तर तेच पुढच्या अटॅकला बोलावणं धाडतं. छातीत बारीक दुखलं की वाटतं, काल अर्धवट राहिलेलं आज पूर्ण होणार. मग पुन्हा धडधड. शरीरातल्या साध्या बदलाला संकट समजणं आणि त्या भीतीने तोच बदल वाढणं, हे चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलं. 'तुला काही झालेलं नाही' या वाक्याने ते तुटत नाही. 'हा स्नायू दुखतोय, दोन-तीन दिवसांत कमी होईल' याने मला तरी फरक पडला.

आता पटलेला मुद्दा. 'दुसरा दिवस पूर्ण विश्रांती' असं मी लिहिलं, ते चुकलं. अंथरुणात पडून दर पाच मिनिटांनी नाडी मोजत राहिलं की भीती वाढतेच. मी स्वतः हे केलंय. ते वाक्य आज बदलते. थोडं चालावं, वेळेवर जेवावं, कॉफी त्या दिवशी टाळावी, कारण कॅफिन कित्येक तास अंगात राहतं आणि पुन्हा धडधड वाढवू शकतं. खांदे कानांपर्यंत उचलून पाच सेकंद आवळायचे आणि एकदम सोडून द्यायचे. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांच्या शिथिलीकरणाच्या (स्नायू आवळून सैल सोडण्याच्या) पद्धतीतून आलेला हा व्यायाम बसल्या जागी होतो. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना सल्ला मात्र कुणी दिला तरी ऐकू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला, तर ऑक्सिजन कमी पडून जिवावर बेतू शकतं.

तुमच्या भावाला कामाला जरूर लावा, पण त्याआधी त्याच्यासोबत एक फेरी मारून या आणि नेमकं कुठं दुखतंय ते विचारा. मान-खांदे म्हणाला, तर गरम पाण्याने शेकायला सांगा. सारखं गळून जातंय, मधेच धडधडतंय म्हणाला, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. आणि जिना चढताना छाती भरून येते, कळ हातात उतरते किंवा चक्कर येऊन पडलो असं म्हणाला, तर जुन्या नॉर्मल ईसीजीवर विसंबू नका, तडक डॉक्टरांकडे घेऊन जा.