सुट्टी नसलेल्यांचा उन्हाळा

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज दुपारी सगळीकडे सामसूम आहे, फोन वाजत नाहीये, म्हणून बसलोय. पोस्ट लांब होईल.

ईस्टरला आमच्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. बाहेर खुर्च्या टाकल्या, त्याही पुरल्या नाहीत, मुलांना पुढे खाली बसवलं. आणि शाळांना सुट्टी लागल्यावरच्या पहिल्या रविवारी मी पुलपिटवर (संदेश देण्याच्या जागी) उभा राहिलो तर समोर सव्वीस माणसं. कीबोर्डवाला मुलगा गावाला, क्वायरमधल्या दोघीच आलेल्या, त्यामुळे गाणी वाद्याशिवाय झाली. आणि प्रत्येकजण आपापल्या रोजच्या जागेवर बसलेला, एक इथे, दोन तिकडे, मध्ये रिकामे बाक. मी म्हटलं सगळे पुढे या, एकत्र बसू. सगळे आले, एक आजी आल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, पास्टर, माझ्या शेजारची जागा त्यांची होती, मी ती सोडून पुढे येऊन कशी बसू. त्यांचे यजमान जाऊन चार वर्षं झाली. भरलेल्या चर्चमध्ये त्या जागेवर कुणीतरी बसतंच, म्हणून हे मला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी ती जागा रिकामी होती आणि मला दिसली.

उन्हाळ्यातली उपासना म्हटलं की आम्हा पाळकांच्या, म्हणजे पास्टर लोकांच्या, तोंडी एकच तक्रार असते, की लोक येत नाहीत, दान कमी होतं, लाईटबिल मात्र वाढतं. मीही हेच बोलायचो. काही वर्षांपूर्वी तर मी अशाच एका रविवारी संदेशात चिडून बोललो, की तुम्हाला सुट्टी आहे पण देवाला सुट्टी असते का, जगासाठी वेळ आहे आणि प्रभूसाठी नाही, वगैरे. ज्यांना बोलायचं ते तिथे नव्हतेच, ऐकत होते ते बिचारे आलेले. सोमवारी कळलं की त्या दिवशी जे एक कुटुंब नव्हतं ते फिरायला गेलेलं नव्हतं, त्यांच्या घरातले वडील हॉस्पिटलमध्ये शेवटचे श्वास घेत होते, आणि त्यांनी तिथे खाटेजवळ बसून मोबाईलवर माझा तो संदेश ऐकला होता. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं. पण त्यानंतर मी गैरहजर माणसांवर पुलपिटवरून एक शब्द बोललेलो नाही आणि बोलणारही नाही.

आणि खरं सांगायचं तर लोक सुट्टीला जातात हे चुकीचं नाहीये. बायबलमध्ये मार्क 6 मध्ये प्रभू येशूचे शिष्य कामावरून परत येतात, लोकांची इतकी ये-जा चाललेली की त्यांना जेवायलाही सवड नाही, आणि प्रभू त्यांना काय म्हणतो? अजून थोडं काम करा असं नाही म्हणत. एकांतात चला, थोडा विसावा घ्या म्हणतो. एलिया संदेष्ट्याचं बघा, 1 राजे 19. झाडाखाली पडलाय, मरण मागतोय. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही, उठून खा म्हणतो. तो खातो, पाणी पितो, परत झोपतो, आणि देवदूत परत येऊन परत खायलाच सांगतो. देव बोलतो ते नंतर, चाळीस दिवस चालून डोंगरावर पोचल्यावर. थकलेल्या माणसाला आधी झोप लागते हे पवित्र शास्त्राला माहीत आहे, आम्हा पाळकांना का कळू नये.

पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातून एक दिवस विसावा घेण्याची, आज्ञा शास्त्रात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलंय. निर्गम 20 मध्ये कारण असं की देवाने सहा दिवसांत सगळं निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद 5 मध्ये मात्र कारण आहे मिसरातली (इजिप्तमधली) गुलामी. तू स्वतः तिथे दास होतास, तुला सुट्टी नव्हती, हे लक्षात ठेव, आणि तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. म्हणजे विसावा ही फक्त माझी गोष्ट नाही, माझ्यामुळे ज्याला थांबता येत नाही त्याचीही आहे. ही आज्ञा मी कितीतरी वेळा शिकवली, पण तिचं हे दुसरं टोक मला उन्हाळ्यातल्या त्या सव्वीस माणसांनी शिकवलं. कारण एकदा नीट बघितलं ना, की उन्हाळ्यात मागे कोण राहतं, तर लक्षात येतं की हे जास्त भक्तिमान वगैरे म्हणून थांबलेले नाहीत (त्यांना तसं म्हटलं तर तेच नको म्हणतात). त्यांना जाता येत नाही. कुणाकडे पैसे नाहीत, कुणाला रजा मिळत नाही, कुणाला ज्यांच्याकडे जावं असं कुणी उरलंच नाही. आणि काहीजण तर या सव्वीसातही नसतात, ते घरात असतात, अंथरुणावरच्या माणसाजवळ.

आमच्या मंडळीत एक ताई आहेत. आई अंथरुणाला खिळलेली, सहा वर्षं झाली. वर्षभर शेजारपाजारचे, बहीण, कुणीतरी तासभर येऊन बसतं, पण उन्हाळ्यात नेमके तेच सगळे बाहेर, म्हणजे ज्या महिन्यांना आपण सुट्टी म्हणतो ते ताईंचे सगळ्यात कठीण महिने. हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. त्यांचा पाळक असून कळलं नव्हतं. मी दर उन्हाळ्यात चर्चमधले रिकामे बाक मोजत होतो आणि त्या तिकडे एकट्या आईची कूस बदलत होत्या.

गेल्या वर्षी आम्ही एक यादी केली. मागे राहिलेल्यांतलेच दोघं-दोघं, आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास ताईंच्या घरी बसायचं. ताई आधी नाहीच म्हणाल्या, तुम्हाला कशाला त्रास, आईला अनोळखी माणूस चालत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात ताई घरातच थांबल्या आणि आमच्या लोकांना सगळं शिकवलं, कूस कशी बदलायची, पाणी चमच्याने कसं द्यायचं, आई कुठल्या गाण्याला शांत होतात. दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडल्या. मी नंतर विचारलं कुठे गेला होतात, तर म्हणाल्या पहिल्यांदा बँकेची कामं केली, आणि दुसऱ्यांदा कुठेच नाही, खाली जिन्यात बसून राहिले दोन तास, कुणी हाक मारणार नाही हे माहीत होतं ना. हे ऐकून मला काय बोलावं कळेना. मी नुसता मान हलवत राहिलो.

व्हीबीएसबद्दलही (व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतली मुलांची बायबल शाळा) लिहायलाच हवं, कारण मंडळीचा उन्हाळा म्हणजे व्हीबीएस असंच आपल्या मनात बसलंय. चित्रं, गाणी, गोंगाट, मला फार आवडतं. मागच्या वेळी एका सात वर्षांच्या मुलाने विचारलं, लाजर (येशूने मेलेल्यांतून उठवलेला माणूस) परत जिवंत झाला तर मग तो पुन्हा मेला का, आणि पुन्हा मेला तेव्हा त्याला भीती वाटली असेल का? मी अजून त्या प्रश्नावर विचार करतोय. पण ही सुरुवात कशी झाली हे किती जणांना माहीत आहे? 1898 साली न्यूयॉर्कमध्ये हॉज आडनावाच्या एका बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या गरीब मुलांना जमवलं आणि त्यांना शिकवायला चक्क एक बिअर हॉल भाड्याने घेतला. 1901 मध्ये बोव्हिल नावाच्या बाप्टिस्ट पाळकाने हेच काम पुढे मोठ्या प्रमाणात नेलं. म्हणजे ज्या मुलांना उन्हाळ्यात जायला कुठे जागाच नाही त्यांच्यासाठी हे काम उभं राहिलं. आज आपण मुलांचे फोटो टाकतो, किती आली ते टाकतो, पण जी आली ती कुठल्या घरातली, आणि आपल्याच आसपासची कुठली मुलं दारापर्यंतही आली नाहीत, हे विचारत नाही. यंदा आम्ही वेळ बदलून संध्याकाळची केली, कारण दिवसा काही मोठ्या मुली घरी धाकट्यांना सांभाळतात आणि आईवडील कामावर. धाकट्यांनाही घेऊन या म्हटलं. गोंगाट दुप्पट झाला. चालेल.

शिकवणाऱ्यांचंही तेच. दर वर्षी त्याच चौघीजणी. पाचवीला विचारायची आपली हिंमत नाही आणि या चौघी नाही म्हणणार नाहीत हे आपल्याला पक्कं ठाऊक, याला मी सेवा म्हणत नाही, आपण त्यांच्या चांगुलपणावर आरामात बसलोय असं म्हणतो. यंदा त्यांतल्या दोघींना मी हात जोडून घरी बसवलं. त्यांच्या जागी दोन बाप आले, दोघांनाही गाता येत नाही, मुलांना काही फरक पडला नाही.

माझ्या पाळक मित्रांनो, उन्हाळ्यात आकड्याने खचू नका. प्रभूने दिलेली भाकरी 5000 लोकांनी खाल्ली होती, पण प्रभू स्वर्गात गेल्यावर प्रेषितांची कृत्ये 1 मध्ये जमलेल्यांची संख्या दिलीय सुमारे 120. ईस्टरनंतर चाळीस दिवसांनी प्रभू वर गेला, आणि मग पन्नासाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा येईपर्यंत, हे एवढेच लोक एकत्र प्रार्थना करत थांबलेले. कसला कार्यक्रम नाही, काही नाही. आणि स्वतःही रजा घ्या. मी यंदा दोन रविवार घेतले आणि पुलपिट मंडळीच्या एका वडिलांच्या (एल्डरच्या) हातात दिलं, त्यांनी माझ्यापेक्षा थोडक्यात आणि चांगलं सांगितलं असं सगळे म्हणाले, मला मनापासून आनंद झाला.

गेल्या रविवारी ताई उपासनेला आल्या. सहा वर्षांनी. घरी आईजवळ दोघं बसले होते, त्यातल्या एक म्हणजे त्याच आजी, ज्या आपली जागा सोडून पुढे यायला तयार नव्हत्या. ताई मागून दुसऱ्या बाकावर बसल्या, पंख्याखाली. पहिलं गाणं म्हणाल्या, प्रार्थनेत डोळे मिटले आणि मग डोळे उघडलेच नाहीत, तिथेच झोप लागली. संदेश सुरू झाला तरी झोपलेल्या. शेजारच्या मुलीने माझ्याकडे बघितलं, उठवू का म्हणून. मी मानेने नको म्हटलं आणि माईकचा आवाज जरा कमी करायला सांगितला.