एकशेतीस वर्षांपूर्वी वारलेला खेळाडू

परवा आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर एका मित्राने व्हिडिओ टाकला. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतले लपलेले शंभर संदर्भ, बारा मिनिटांत. दोन मिनिटं पाहिला आणि बंद केला. त्याने प्रेमानेच टाकला होता, ही मालिका माझ्या किती जवळची आहे ते त्याला माहीत आहे. पण तेव्हापासून मनात जे घोळतंय ते आज इथे लिहून टाकते. मोठं झालंय, सवडीने वाचा.

एक प्रसंग सांगते. फेब्रुवारी १९९२ मधला भाग. स्प्रिंगफिल्डच्या अणुवीज प्रकल्पाचा मालक मिस्टर बर्न्स, म्हातारा आणि गडगंज, कंपनीच्या सॉफ्टबॉल संघात पैसे ओतून बेसबॉलचे नावाजलेले खेळाडू आणायचं ठरवतो. होनस वॅग्नर, कॅप ॲन्सन, 'थ्री फिंगर' ब्राउन अशी यादीच काढतो. स्मिदर्स, त्याचा सेक्रेटरी, अदबीने सांगतो की साहेब, ही सगळी मंडळी आता हयात नाहीत, तुमचा राइट फील्डर, म्हणजे उजवीकडचा क्षेत्ररक्षक, तर एकशेतीस वर्षांपूर्वीच गेला.

यादीत राइट फील्डर म्हणून नाव आहे जिम क्रेटन. आता १९९२ मधून १३० वजा करा. १८६२. आणि ब्रुकलिनचा हा जिम क्रेटन खरोखरच १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी वारला होता. दोन सेकंदांच्या वाक्यासाठी कुणीतरी वजाबाकी बरोबर केली होती. 'शंभर वर्षांपूर्वी' म्हटलं असतं तरी हशा पिकलाच असता. तरी केली.

पुढे बर्न्सला आपला हट्ट बदलावा लागतो आणि त्या काळचे नऊ नामांकित खेळाडू येतात. रॉजर क्लेमेन्स, वेड बॉग्ज, केन ग्रिफी ज्युनियर वगैरे. आवाज त्या खेळाडूंनी स्वतःच दिलेत. अमेरिकन प्रेक्षकाला पहिली यादी ऐकून हसू येतं, कारण ती पणजोबांच्या काळातली आहे, आणि दुसरी ऐकून टाळी वाजवावीशी वाटते, कारण ती कालच्या पेपरातली आहे. मिरजेत बसून पाहणाऱ्या मला दोन्ही याद्या सारख्याच परक्या होत्या. मेलेला कोण आणि जिवंत कोण, हेही कळत नव्हतं. म्हणून दोन्ही शोधाव्या लागल्या. 'ती अमेरिकन मालिका, आपल्याला त्यातलं काय कळणार' असं जे म्हणतात, त्यांना मी हाच भाग सांगते. क्रेटनचं नाव १९९२ साली ओहायोतल्या पोरालाही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याच्यात आणि माझ्यात अंतर होतं, पण वाटतं तेवढं नव्हतं.

आमच्याकडे ही मालिका यायची स्टार वर्ल्डवर. मी कॉलेजात होते. इंग्रजी जेमतेम, त्यात ते लोक भराभर बोलणार, आणि आजच्यासारखं थांबवून मागे नेणं नाही. म्हणून मी एक दोनशे पानी वही केली. जे कळलं नाही ते कानाला जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहायचं आणि पुढची ओळ रिकामी सोडायची. त्या वहीच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय, 'बर्न्स फोन उचलताना अहॉय-हॉय म्हणतो. का?' त्याची ओळ चार वर्षं कोरी राहिली. मग वाचनालयात टेलिफोनच्या इतिहासावरचं काही वाचत असताना कळलं की फोनवर पहिला शब्द कोणता म्हणावा यावर ग्रॅहॅम बेल आणि एडिसन यांचं एकमत नव्हतं. एडिसनचा कौल 'हॅलो'ला, बेलचा 'अहॉय'ला. बेलला पेटंट मिळालं १८७६ साली. म्हणजे हा म्हातारा अजून फोन नवा होता त्या काळातच उभा आहे, आणि हे सांगायला त्यांनी एकच शब्द खर्च केला. मी तिथे वाचनालयात मोठ्याने हसले. शेजारचे गृहस्थ वर बघायला लागले. तो विनोद माझ्यासाठी चार वर्षं थांबला होता, आणि म्हणूनच तो आजही माझा आहे. व्हिडिओने तो मला अकरा सेकंदांत दिला असता.

मूळ गोष्ट आधी आणि तिच्यावरची टिंगल नंतर, हा क्रम माझ्या बाबतीत सतत उलटा झालाय. बर्न्सच्या हातून काचेचा गोळा पडतो आणि तो मरतुकड्या आवाजात 'बोबो' म्हणतो, बोबो म्हणजे त्याचं लहानपणीचं कापडी अस्वल. हे मी आधी पाहिलं. १९४१ चा 'सिटिझन केन' पुष्कळ नंतर, पुण्यात एका फिल्म क्लबच्या खेळात पाहिला. पडद्यावर मरणाऱ्या धनाढ्य केनच्या हातातून तोच गोळा, तसाच सुटला. सगळं सभागृह चिडीचूप, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते फाटकं अस्वल. वाटलं होतं, त्या अस्वलामुळे सिनेमा माझ्यापुरता उतरून जाईल. झालं उलटंच. अस्वलाला हरवून बसलेल्या म्हाताऱ्याचं दुःख मला आधीपासून माहीत होतं, त्यामुळे केनचं दुःख पहिल्याच मिनिटात पोचलं.

आणि यात नवल काय आहे? आपण सगळे भाषेत असेच वाढतो. 'ध चा मा केला' हे मी आजीकडून ऐकलं ते दुधाचा हिशेब चुकला म्हणून. नारायणराव पेशवे, १७७३, आनंदीबाई, हे सगळं शाळेत फार पुढे आलं. घरातली परीक्षा, लग्न, निवडणूक, कशाचंही 'पानिपत' व्हायचं. पानिपत नावाचं गाव आहे हे कळायच्या आधी ते आमच्या स्वयंपाकघरात होतं. इतिहासाच्या तासाला ते नाव आलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण शब्द ओळखीचा होता आणि आत माणसं मेलेली होती. संदर्भ असाच यावा. आधी कानावर, मग कधीतरी अर्थासकट.

अमेरिकेतल्या चाहत्यांनी संदर्भ हुडकायचं हे काम माझ्या वहीच्या कितीतरी आधी मोठ्या चिकाटीने केलं होतं. मालिका स्वतंत्रपणे सुरू झाली डिसेंबर १९८९ मध्ये, आणि नव्वदीच्या सुरुवातीपासूनच लोक भाग टेपवर उतरवून, एकेक चौकट थांबवून, दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रांचे मथळे, चर्चबाहेरचे फलक टिपून घेत होते. लिहिणाऱ्यांना ते कळलं, आणि मग ते थांबवल्याशिवाय दिसणारच नाहीत अशा गोष्टी मुद्दाम पेरायला लागले. २००६ मधल्या एका भागात बेसबॉलच्या मैदानातल्या मोठ्या पडद्यावर प्रेक्षकांची संख्या ओळखा म्हणून तीन पर्याय येतात: ८१९१, ८१२८, ८२०८. कुणाच्या नजरेत भरणार? पण ८१९१ ही मर्सेन मूळसंख्या, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून येणारी मूळसंख्या. ८१२८ ही परिपूर्ण संख्या, तिचे तिच्याहून लहान सगळे विभाजक मिळवले की तीच येते. आणि ८२०८ च्या चारही आकड्यांचे चौथे घात मिळवा, पुन्हा ८२०८.

आकड्यांवरून बाबांची गोष्ट सांगायलाच हवी.

१९९५ च्या ऑक्टोबरमधल्या हॅलोविनच्या भागात मालिकेचा नायक होमर त्रिमितीच्या जगात जाऊन पडतो. त्याच्या मागे हवेत तरंगताना एक समीकरण दिसतं: १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. फर्माचं शेवटचं प्रमेय सांगतं की दोनाहून मोठ्या घातांसाठी पूर्ण संख्यांत असं होऊच शकत नाही, आणि त्याची अँड्र्यू वाइल्सने दिलेली सिद्धता त्याच वर्षी मे महिन्यात छापून आली होती. मग हे काय? डेव्हिड कोहेन या लेखकाने, जो शिकलेला भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र, खास प्रोग्रॅम लिहून अशा जवळजवळ जुळणाऱ्या संख्या हुडकल्या होत्या. दोन्ही बाजूंना चाळीस आकडी संख्या येते आणि पहिले नऊ आकडे तंतोतंत जुळतात. साध्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं तर तो बिचारा १९२२ च दाखवतो.

मी हे २०१९ च्या दिवाळीत बाबांना दाखवलं. बाबा सहकारी बँकेत आयुष्यभर खतावण्या जुळवत बसलेले. मालिकेचं त्यांना नावही माहीत नाही. मी कॅल्क्युलेटर पुढे केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान उलटलं आणि पेन्सिल मागितली. आधी नवाचा ताळा, म्हणजे आकडे मिळवायचे, नवाने भागायचं आणि बाकी उरेल ती दोन्ही बाजूंना जुळते का पाहायचं. १७८२ ची बेरीज अठरा, म्हणजे शून्य. १८४१ ची चौदा, म्हणजे पाच. १९२२ ची चौदा, पाच. "ताळा तर जमतोय गं," ते म्हणाले. मग क्षणभर थांबले. "पण हा सम, हा विषम. कितीही वेळा गुणलं तरी सम तो सम आणि विषम तो विषम. दोघांची बेरीज विषम. आणि उजवीकडे सम. चूक आहे."

मग मी त्यांना दुसरं दिलं. १९९८ मधल्या भागात होमर फळ्यावर लिहितो ते: ३९८७ आणि ४३६५ यांचे बारावे घात मिळून ४४७२ चा बारावा घात. इथे विषम अधिक विषम, बेरीज सम. पहिली खोट बुजवलेली. बाबांनी मान हलवली, पुन्हा आकडे मिळवले. सत्तावीस, म्हणजे शून्य. अठरा, शून्य. सतरा, म्हणजे आठ. "हे आठ कुठून आले? डावीकडे काहीच उरत नाही." पेन्सिल खाली ठेवली. "मघाशी ताळ्याने पकडलं नाही ते सम-विषमने पकडलं. आता सम-विषमने सोडलं ते ताळ्याने पकडलं. लिहिणारा माणूस हुशार आहे."

हार्वर्डमधून निघालेला लेखक आणि मिरजेतला निवृत्त कारकून, दोघांची गाठ त्या कॅलेंडरच्या पानावर पडली. उत्तर मला आधीच माहीत होतं, पण मी ते बाबांना सांगितलं असतं तर हे घडलं नसतं.

आता एक अशी गोष्ट, जी लिहिणं मला सोपं जात नाही. अपू. दुकान चालवणारा भारतीय अपू. त्याचं नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतल्या अपूवरून घेतलेलं आहे. १९९३ मधल्या एका भागात तो कोर्टात सांगतो की मला पाय (π) या गणिती संख्येचे चाळीस हजार आकडे पाठ आहेत आणि शेवटचा १ आहे. तो खरोखरच १ आहे, लेखकांनी नासातल्या गणितज्ञाकडून आकडे मागवून घेतले होते. हे समजलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता. पण माझा मामेभाऊ न्यू जर्सीत वाढला. शाळेत त्याला वर्षानुवर्षं अपू म्हणून हाक मारली गेली, त्या कृत्रिम हेलासकट. मी त्याला एकदा उत्साहाने राय यांच्याबद्दल सांगायला गेले. त्याने शांतपणे विचारलं, "ताई, मला चिडवणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याला संदर्भ लागला त्याच्यासाठी ते नाव म्हणजे आदरांजली होती, बाकी वर्गासाठी दगड. २०१७ मध्ये विनोदी कलाकार हरी कोंडाबोलू यांनी यावर माहितीपट केला, २०२० मध्ये हँक अझेरिया यांनी तो आवाज देणं सोडलं. मला ते योग्य वाटलं. मालिकेवर माझं प्रेम आहे, पण भावाच्या प्रश्नापुढे ते मी रेटणार नाही.

आणि ती भविष्यवाणी! आपल्याकडे निम्म्या लोकांना सिम्पसन्स ठाऊक आहे ते 'त्यांनी आधीच सांगितलं होतं' म्हणून फिरणाऱ्या फॉरवर्डमुळे. सरकत्या जिन्यावरून उतरणाऱ्या ट्रम्प यांचं चित्र तुम्हीही पाहिलं असेल. ते २०१५ चं आहे, खऱ्या प्रसंगानंतर काढलेलं. मार्च २००० मधल्या भागात होमरची मुलगी लिसा स्वतः राष्ट्राध्यक्ष होते आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यानंतर तिजोरी हाती घेते, हे मात्र खरं. पण त्याच्या आधीच्या काही महिन्यांत ट्रम्प खरोखरच रिफॉर्म पार्टीकडून निवडणूक लढवायची चाचपणी करत होते, पेपरांत ते येत होतं. म्हणजे ज्याला आपण भविष्य समजतो तो त्या महिन्यातल्या बातमीचा संदर्भ होता. आपल्याला तो लागला नाही, म्हणून आपण त्याला चमत्कार म्हटलं. जुनी वर्तमानपत्रं चाळून, हिशेब मांडून, तारखा जुळवून काम करणाऱ्या माणसांना ज्योतिषी ठरवणं मला फार लागतं.

मित्राला मी व्हिडिओबद्दल अजून काही बोलले नाही. त्याऐवजी १९९६ मधल्या एका भागाचं नाव पाठवलं, 'स्प्रिंगफिल्डविषयी बावीस लघुपट', आणि विचारलं, बावीसच का, नि लघुपटच का? एवढाच धागा दिला की कॅनडातल्या एका पियानोवादकापासून सुरुवात कर. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, 'सापडतंय, सांगू नकोस.'

माझ्या वहीत अजून सात ओळी कोऱ्या आहेत. त्या इथे देत नाही. कुणाला अंदाज आला तरी कृपया कमेंटमध्ये लिहू नका.