देवभक्त उमेदवार आणि चांगला कारभार: एका मेसेजला उत्तर

परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यात निवडणूक जवळ आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. भावकीच्या ग्रुपवर येतो, भजनी मंडळाच्या ग्रुपवर येतो, पीकविम्याच्या ग्रुपवरही येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: देव मानणारा माणूस पापाला भितो, म्हणून माळकरी, देवभक्त उमेदवारालाच मत द्या. नास्तिकाच्या शपथेला काही अर्थ नसतो. आपला देव मानणाराच आपली कामं करतो. मराठवाडा ही संतांची भूमी आहे, इथला कारभार धर्मानंच चालला पाहिजे. आणि धर्म व सरकार वेगळं ठेवायचं खूळ १९७६ साली घटनेत घुसडलं गेलं.

मी स्वतः माळकरी घरातला. घरात एकादशी चालते, हरिपाठ चालतो. उमेदवार श्रद्धाळू असण्याला माझी काडीचीही हरकत नाही. खाऊन बसलेल्या पुढाऱ्यांना कंटाळून लोक कुठलातरी नैतिक आधार शोधतायत, हेही मला दिसतं. पण या मेसेजमधला एकही दावा तपासायला घेतला की टिकत नाही.

पहिला दावा: देव मानणारा पैसे खात नाही. आपल्या भागातला कुठलाही सभामंडप बघा. मी पाहिलेला एक सांगतो. देवळापुढं सभामंडप, दर्शनी भागात काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला, तिच्यावर सोनेरी अक्षरांत लोकप्रतिनिधींचं नाव. स्लॅब पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागला. शेजारी जिल्हा परिषदेची शाळा, तिचे पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. गावातल्या काही पोरांनी माहिती अधिकारात इस्टिमेट आणि मोजमाप पुस्तिका मागितली, तर गुत्तेदाराची माणसं घरी येऊन म्हणाली, ‘देवाच्या कामाचा हिशेब मागता?’ ते वाक्य ऐकून निम्मी पोरं गप्प बसली. श्रद्धेनं चोरी थांबली नाहीच, उलट हिशेब न देण्यासाठी श्रद्धाच पुढं केली गेली. खासदार निधीच्या नियमांत धर्मस्थळाच्या आवारातली कामं बसत नाहीत. तो नियम कुणाचा देव आवडत नाही म्हणून आलेला नाही. सार्वजनिक पैसा सगळ्यांच्या उपयोगी पडावा, एवढाच त्याचा हेतू आहे.

नाथांची एक गोष्ट कीर्तनात नेहमी सांगतात. एकनाथ महाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे होते, तेव्हा हिशेबात एका पैची चूक निघाली. नाथांनी रात्र रात्र जागून, दिव्याच्या उजेडात वह्या चाळून ती शोधली आणि सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली. कीर्तनकार त्यातून एकाग्रतेचा धडा काढतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शिष्य परम भक्त आहे, म्हणून त्याचा हिशेब न बघता चालेल असं त्या गोष्टीत कुणी म्हणत नाही. आणि परंपरेप्रमाणे जनार्दनस्वामी हे दत्तभक्त किल्लेदार होते ते मुसलमान सुलतानाच्या पदरी. पूजा आपली, चाकरी दौलतीची, आणि हिशेब पैचा.

शपथेबद्दल फार लिहायची गरज नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन पर्याय आहेत, ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. दोन्हींची किंमत सारखीच. मंत्र्याला शपथेत काय बोलावं लागतं तेही ऐका: कुणाविषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्वांना न्याय्य वागणूक देईन. ही ओळ ‘आपला देव मानणारा आपली कामं करतो’ या दाव्याच्या थेट उलट आहे. राखीव जागेसाठी अनुसूचित जातीचा दाखला लागतो, तिथं धर्माचा संबंध येतो, तेवढा अपवाद सोडला तर कायदा उमेदवाराला धर्म विचारत नाही. विचारतो ते गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. नमुना २६ मधलं ते शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी किती जण ते उघडून बघतात?

आता ‘आपला देव मानणारा’ या मुद्द्याकडं नीट बघू, कारण मराठवाड्याला तो सगळ्यात महागात पडतो. आपलं मोठं दुखणं पाणी. जायकवाडीच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो. त्याच्या वर नाशिक आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतली धरणं. गोदावरीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं नगर जिल्ह्यात. खाली पैठणला नाथ. वर वारकरी, खाली वारकरी, देव एकच, वारी एकच. म्हणून तुटीच्या वर्षी वरच्यांनी आपण होऊन दरवाजे उघडले का? दर खेपेला आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. खाली पाणी आलं ते २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीच्या जोरावर, आणि मेंढेगिरी समितीनं आकडे मांडून सूत्र ठरवलं म्हणून: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून सोडा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाही कामाला आले ते वाघिण्या, पंप, विहिरी आणि टँकरचं नियोजन. आमदार पहाटे काकडआरतीला जातो की नाही, यावरून तो विधानसभेत त्या २००५ च्या कायद्यासाठी उभा राहील की नाही हे कळत नाही.

संतांच्या भूमीत कारभार धर्मानं चालवा म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, आपल्या आजोबांना आठवा. निजामाच्या राज्यात ‘उमूर-ए-मजहबी’ नावाचं खातं होतं. देऊळ बांधायचं, जुन्याची डागडुजी करायची, तर त्या खात्याची परवानगी. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान ५३’ हे सभांवर बंधनं घालणारं फर्मान आडवं. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी मंदिरांनाही अनुदानं दिली, पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या कामासाठी पैसे दिले. राजा माणूस म्हणून कसा होता, हा वाद तेव्हाही मुख्य नव्हता. प्रार्थनेसाठी सरकारी खात्याच्या दारात उभं राहावं लागत होतं, दुःख त्याचं होतं. पुढं लातूरच्याच कासीम रझवी नावाच्या वकिलानं धर्माच्या नावानं रझाकारांची सशस्त्र संघटना वाढवली. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’ या उर्दू वृत्तपत्राचे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. भारतीय सैन्यानं हैदराबाद संस्थान घेतलं, त्या ‘पोलीस कारवाई’नंतर उस्मानाबाद, नांदेडकडच्या निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला, तेही पंडित सुंदरलाल समितीनं नोंदवून ठेवलंय. सत्तेला धर्म चिकटला की दोन्हीकडची गरीब माणसं मेली.

आणि निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते कोण? स्वामी रामानंद तीर्थ, भगव्या कफनीतले संन्यासी. उमेदवार श्रद्धाळू असावा असं वाटणाऱ्यांना याहून मोठं उदाहरण सापडणार नाही. पण हैदराबाद स्टेट काँग्रेसची मागणी काय होती? जबाबदार राज्यपद्धती. लोकांना जाब देणारं सरकार. हिंदूंचं राज्य आणा, असं त्या संन्याशानं मागितलं नाही. श्रद्धेनं त्यांना तुरुंगवास सोसायचं बळ दिलं असेल, पण लोकांपुढं त्यांनी ठेवली ती सगळ्यांची मागणी.

१९७६ चा दावा अर्धवट आहे. ४२ व्या दुरुस्तीनं उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आला हे खरं. पण प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद २५, एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर लादायला मनाई करणारा अनुच्छेद २७ हे पहिल्या दिवसापासून आहेत. आणि १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करा, अशी दुरुस्ती संविधान सभेत मांडली, तेव्हा ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. विरोध करणाऱ्यांत देव मानणारी माणसंही होती. श्रद्धा कुणावर लादू नये, देवाला मतदानाला लावू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

राहिला कायद्याचा मुद्दा, तो खास कार्यकर्त्यांसाठी. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३): उमेदवारानं, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीनं किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कुणी धर्माच्या आधारावर मत मागितलं तर तो भ्रष्ट आचार ठरतो. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ असा निकाल देऊन त्यात मतदाराचा धर्मही आणला. उमेदवाराच्या स्वतःच्या धर्माचा हवाला देऊन मत मागणं चूक, याबद्दल मात्र सातही जणांत दुमत नव्हतं. आमदारकी-खासदारकीची निवड रद्द होऊ शकते, सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते, आपल्याला औरंगाबाद खंडपीठ जवळ आहे. तेव्हा हा मेसेज उमेदवाराच्या प्रचार ग्रुपवरून तुमच्याकडं आला असेल, तर डिलीट करू नका. पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा.