भांडवल तिजोरीत पडून राहत नाही

‘बँकांवर भांडवलाची अट वाढवली की तेवढा पैसा तिजोरीत पडून राहतो आणि उद्योगांना कर्ज मिळेनासं होतं. आताचे नियम जोखीम मोजूनच केलेत, ते पुरेसे आहेत.’ हा दावा सगळीकडे फिरतोय. त्याची मांडणीच चुकीची आहे.

आधी ‘पडून राहतो’चं बघू. भांडवल म्हणजे भागधारकांनी घातलेला आणि नफ्यातून साठलेला पैसा. बँकेने १०० चं कर्ज दिलं आणि त्यात ९२ ठेवीदारांचे, ८ भागधारकांचे असले, तर शंभरच्या शंभर कर्जदाराच्या हातात गेलेले असतात. त्यातले ५ बुडाले तर भागधारकांचे ३ उरतात, ठेवीदाराला झळ लागत नाही. १० बुडाले तर भागधारकांचे आठही जातात आणि वरचे २ ठेवीदाराच्या किंवा सरकारच्या माथी येतात. बाजूला ठेवावी लागते ती रोख राखीव रक्कम. तिचा नियमच वेगळा. लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

कर्जं आटतात, यात थोडं तथ्य आहे. अट एकदम लादली तर बँका नवं भांडवल उभारण्यापेक्षा कर्जंच कापतात. म्हणूनच बासेल ३ चे, म्हणजे बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या तिसऱ्या संचाचे, भांडवली निकष २०१३ ते २०१९ असे टप्प्याटप्प्याने आणले गेले.

आता ‘जोखीम मोजूनच’. माझा खरा आक्षेप इथे आहे. १९८८ च्या पहिल्या बासेल करारात प्रत्येक कर्जाला भार ठरवला, म्हणजे त्यातली किती टक्के रक्कम जोखमीची धरायची ते. उद्योगाच्या कर्जाला १०० टक्के भार आणि त्यावर ८ टक्के भांडवल, म्हणजे शंभरामागे ८. गृहकर्जाला निम्मा भार, म्हणजे ४. पुढे सर्वोच्च मानांकनाच्या गृहकर्ज-रोख्यांना (अनेक गृहकर्जं एकत्र करून त्यांवर काढलेल्या रोख्यांना) २० टक्के भार मिळाला, म्हणजे शंभरामागे जेमतेम १.६. २००८ मध्ये तेच रोखे कोसळले. सरकारी रोख्यांना तर शून्य भार चालायचा. २०१२ मध्ये ग्रीसच्या रोख्यांत खासगी धारकांची निम्म्याहून जास्त दर्शनी रक्कम गेली. त्यात २००४ च्या बासेल २ ने मोठ्या बँकांना स्वतःच्या मॉडेलने जोखीम मोजायची मुभा दिली. जोखीम जितकी कमी दाखवाल तितकं भांडवल कमी लागणार, आणि मोजणार तुम्हीच! हे बिघडणारच होतं. अखेर २०१७ मध्ये ठरलं, की बँकेच्या मॉडेलने काढलेला जोखमीचा एकूण आकडा नियमांत ठरवून दिलेल्या प्रमाणित पद्धतीच्या आकड्याच्या ७२.५ टक्क्यांखाली जाता कामा नये.

भार न बघता बँकेच्या एकूण मालमत्तेवर लागणारी भांडवलाची अटही आता बासेल ३ मध्ये आहे, पण ती किमान ३ टक्क्यांची. शंभरात ३ बुडाले की भागधारकांचा पैसा संपला. वाढवायची ती हीच अट, आणि मॉडेलांवरची भिस्त कमी करायची.