एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमचं २८ टक्के प्रोटीनचं तरंगतं खाद्य बोगस आहे, चार महिन्यांत चिलापी (तिलापिया मासा) दीडशे ग्रॅमच्या वर गेला नाही, प्रोबायोटिकचा उपयोग शून्य, आणि मासे मरायला लागल्यावर ‘वाढीची पावडर’ आणि अँटिबायोटिक मागितलं तर आम्ही दिलं नाही. शेवटचं खरं आहे. बाकीचं बोलू.

तुम्हीच लिहिलंय, ‘तळ्यात पिल्लं मात्र बक्कळ झाली.’ बीज (तळ्यात सोडायची लहान मासोळी) देणाऱ्यानं एकलिंगी, म्हणजे सगळे नर, म्हणून दिलं असेल, पण पिल्लं झाली म्हणजे त्यात माद्या होत्या. चिलापीची मादी अंडी तोंडात धरते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. वाढ नरांची, माद्या मागं राहतात, वर ती सगळी पिल्लं तुमच्या पोत्यावरच जगतात. अशा तळ्यात ३२ टक्क्यांचं खाद्य घातलं असतं तर बिल वाढलं असतं, मासा नाही.

आता खाद्य किती टाकायचं ते. दीडशे ग्रॅमचा चिलापी दिवसाला वजनाच्या अडीच ते तीन टक्के खातो. तुमचे ४,००० मासे म्हणजे ६०० किलो, म्हणजे रोजचे १५ ते १८ किलो, तेही दोन-तीन वेळा विभागून. तुम्ही २५ किलोचं अख्खं पोतं सकाळी सहाला एकदम ओतता! रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही ऑक्सिजन ओढतात, त्यामुळं पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे तेव्हा वर येऊन तोंड उघडतात ते भुकेनं नाही. उरलेलं खाद्य कुजतं, त्याचा अमोनिया होतो. उन्हाळ्यात तळं अर्ध्यावर आलेलं, पाणी हिरवंगार, दुपारी तापमान आणि पीएच (पाण्याची आम्ल-अल्कता मोजायचा आकडा) दोन्ही चढलेले, अशा वेळी तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. मासे मेले त्याचं कारण मला तरी इथंच दिसतं.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू. आतड्यात टिकले तर पचनाला हातभार लावतात, पण ते औषध नव्हे. तुम्ही ते पाण्यात टाकलं त्याच दिवशी पोटॅशियम परमँगनेट हे जंतुनाशकही मारलं. एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं तणनाशक फवारायचं, तसं झालं हे.

फोटोत पोतं पत्र्याच्या शेडला टेकलेलं, तोंड उघडं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात क जीवनसत्त्व टिकत नाही, आणि बहुतेक माशांना ते स्वतः तयार करता येत नाही. सारखी कमतरता राहिली तर पाठीचा कणा वाकतो. ओल लागली तर वेगळीच भानगड, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष थेट लिव्हरला लागतं. पोतं सावलीत, फळीवर, तोंड बांधून ठेवा.

पावडरबद्दल स्पष्टच सांगतो. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती माझ्या दुकानात येणार नाही. ऑक्सिजन कमी पडून मरणाऱ्या माशाला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. क्लोरँफेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिक मत्स्यशेतीत बंद आहेत, कोलिस्टिन या अँटिबायोटिकवरही २०१९ पासून बंदी आहे. यासाठी आणखी एक स्टार कापायचा असेल तर कापा.

खाद्यावर संशय असेल तर त्याच बॅचची न उघडलेली पोती दुकानात आहेत. तुम्ही स्वतः येऊन एक निवडा, तुम्ही सांगाल त्या लॅबला पाठवू. प्रोटीन छापल्यापेक्षा कमी निघालं तर सगळ्या पोत्यांचे पैसे परत आणि लॅबचा खर्चही माझा.

तोवर सहाचं खाद्य बंद करा, ऊन वर आल्यावर टाका, आणि पंधरा-वीस मिनिटांत संपेल तेवढंच. पहाटे मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा, म्हणजे त्यात ऑक्सिजन मिसळेल. शेतीची लाईट रात्रीची मिळत असेल तर या कामाला ती सोयीचीच आहे.