फॅनमध्ये खोबरेल घालू नका, एसएमपीएस उघडू नका

‘150 रुपयांत कॉम्प्युटर थंड’ असा एक फॉरवर्ड महिनाभर फिरतोय. दोनदा माझ्याकडे आला, दोनदा मी वाचून सोडून दिला. गेल्या मंगळवारी सोलापूरहून मामांचा फोन आला: “अरे, एसएमपीएसचे चार स्क्रू काढलेत. आता झाकण उचलू ना?” एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा. मामांचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नसराईच्या पत्रिका कॉम्प्युटरमध्ये अडकल्यात, आणि त्या फॉरवर्डमुळे त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर आलाय. आता गप्प बसणं शक्य नाही.

फॉरवर्ड म्हणतो: एक, कॉम्प्युटरचे 120 मिलिमीटरचे सगळे फॅन सारखेच, स्वस्तातला घ्या. दोन, फॅनच्या वायरीला पिना तीन असोत की चार, फरक पडत नाही. ‘सीपीयू फॅन एरर’ (प्रोसेसरचा फॅन फिरत नसल्याची सूचना) आला तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ‘इग्नोर’ करा. तीन, आवाज आला तर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा. चार, एसएमपीएसचा फॅनसुद्धा असाच घरी बदला. पाच, तरीही तापलं तर कॅबिनेट उघडं ठेवून टेबल फॅन लावा.

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडची 230 व्होल्टची वीज एसएमपीएसमध्ये शिरली की तिचं आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होतं, आणि तिथे साधारण 325 व्होल्ट तयार होतात. ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. प्लग काढला तरी ते लगेच जात नाहीत. साठा उतरवणारा रेझिस्टर खराब झाला असेल तर बराच वेळ तिथेच असतात, आणि बाहेरून काहीही कळत नाही. फॅनची वायर काढायला हात घालायचा तो नेमका याच भागात. ‘प्लग काढला की सुरक्षित’ हे वाक्य त्या फॉरवर्डमध्ये ठळक अक्षरांत आहे आणि ते धडधडीत खोटं आहे. एसएमपीएसचा फॅन बिघडला तर जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे द्या किंवा एसएमपीएसच बदला. मामांना स्क्रू परत लावायला सांगितले.

आता खोबरेल. मामांनी आधी हाच प्रयोग केला होता. नवीन घेतलेला स्वस्त फॅन पंधरा दिवसांत घरघरायला लागला, म्हणून स्टिकर उचलून त्यात दोन थेंब सोडले. आवाज गेला, मामा खूश. पण खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. जानेवारीत सकाळी दुकान उघडलं तेव्हा बुशमधलं, म्हणजे फॅनचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यातलं, तेल घट्ट झालेलं, फॅन फिरेना, आणि स्क्रीनवर ‘सीपीयू फॅन एरर’. मग फॉरवर्डचा दुसरा मुद्दा: इग्नोर. मशीन सुरू झालं, फॅन मात्र बंदच. पुष्कळ इंटेल प्रोसेसरना 100 अंशांची मर्यादा असते. तिथे पोचले की ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद पडतं. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिकेवरचा गणपती हलवायला अर्धा मिनिट लागत होता, तो यामुळे. मामांना वाटलं एसएमपीएस गेला.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. स्वस्त फॅनमध्ये सच्छिद्र ब्राँझचा बुश असतो, त्यात मुरवलेलं तेल सुकलं की तो घरघरतो. शिलाई मशीनच्या तेलाच्या एका थेंबाने असा फॅन काही दिवस चालतो. नवीन फॅन मिळेपर्यंत तेवढं ठीक. पण बुश झिजला असेल तर तेलाने भरून येत नाही. मशीन बंद करून पाती बोटाने फिरवा: चांगला फॅन सोडल्यावर काही फेऱ्या सहज घेतो, खराब झालेला अडखळतो. मधला भाग हलकेच डावीकडे-उजवीकडे ढकलून पाहा, डुगडुगला तर फेकून द्या. आणि टिकटिक आवाज असेल तर आधी बघा, एखादी वायर पात्याला लागत असेल.

पिनांचा फरक पडत नाही म्हणणाऱ्याने इंटेलचं चार वायरींच्या फॅनचं स्पेसिफिकेशन वाचावं, सप्टेंबर 2005 चं. त्यात सगळं स्वच्छ लिहिलंय. पहिली पिन ग्राउंड, दुसरी 12 व्होल्ट, तिसरी फॅनचा वेग मदरबोर्डला कळवते, एका फेऱ्याला दोन पल्स. चौथीवरून मदरबोर्ड वेग ठरवतो, 25 किलोहर्ट्झच्या सिग्नलने. आणि चौथ्या पिनवर सिग्नल आला नाही तर फॅन पूर्ण वेगाने फिरला पाहिजे. म्हणूनच नावाला चार पिना असलेला, आत चौथी वायर न जोडलेला फॅन सतत भणभणतो, आणि विकणारा म्हणतो ‘हवा जास्त देतो’. तपासणं सोपं आहे: बायोसमध्ये त्या फॅनचा वेग 40 टक्क्यांवर आणा. आरपीएमचा (मिनिटाला किती फेरे, याचा) आकडा हलला नाही तर फॅन परत करा. आकडाच दिसत नसेल तर तिसरी वायर नाही, आणि असा फॅन सीपीयूवर अजिबात लावू नका. ती एरर तुमच्या प्रोसेसरसाठी आहे, इग्नोर करायला नाही.

‘सगळे 120 सारखेच’ हे मापापुरतंच खरं. चांगल्या फॅनमध्ये पात्याचं टोक आणि चौकट यांत फार कमी जागा सोडतात. नॉक्टुआच्या एनएफ-ए12x25 मध्ये ती अर्धा मिलिमीटर आहे. साधं प्लॅस्टिक तापून, फिरून ताणलं जातं, म्हणून स्वस्त फॅनला फट मोठी ठेवावी लागते. त्या फटीतून हवा मागे येते आणि प्रोसेसरवरच्या कूलरच्या दाट पत्र्यांमधून जायला जोर उरत नाही. मग तेवढ्याच थंडाव्यासाठी वेग वाढवायचा, आणि वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे 15 डेसिबलने वाढतो. महागडा दिवेवाला फॅनच घ्या असं मी म्हणत नाही. दिव्यांनी काही थंड होत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या की पुण्यात तपकीर गल्लीत, बेअरिंग कोणतं आणि वॉरंटी किती वर्षांची, एवढं विचारा.

टेबल फॅनचं काय सांगायचं! कॅबिनेटचं झाकण काढून तापमान बरंच उतरलं तर समोरची जाळी धुळीने बंद आहे, ती साफ करा. त्यापुरता तो प्रयोग करा आणि झाकण लावून टाका.

मामांकडे नवीन फॅन बसलाय. बायोसमधला ‘इग्नोर’ काल फोनवरूनच काढायला लावला. आज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला: 780 आरपीएम. पत्रिका दुपारी छापायला जातायत.